कोपऱ्याचा डावा हात

आमच्या मंडळात नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. मैदानात ज्याची जी जागा, तेच त्याचं नाव. चढाईला जाणारा तो 'चढाई', उजव्या टोकाला उभा राहणारा तो 'कोपरा', आणि कोपऱ्याचा हात धरून उभा राहायचो तो मी, म्हणून मी 'शेजारी'. तिघांचीही साठी उलटली, कबड्डी सुटून जमाना झाला, तरी माझ्या नातवंडांसमोर चढाई मला "ए शेजारी" असंच ओरडतो.

बचावात कोपरा आणि मी साखळी करायचो. त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात. समोरचा गडी दम घेऊन आत आला की आम्हाला बोलायची सोय नसायची, बोललं की तो सावध होणार. म्हणून कोपऱ्यानं खूण ठरवलेली. हात एकदा दाबला की थांब. दोनदा दाबला की घाल झडप. मी उतावळा माणूस, आजही आहे. एकदाच दाबलेला असताना पुढं घुसून मी किती वेळा बाद झालो ते विचारू नका. तो चिडायचा नाही. "थांब म्हटलं की थांबावं, शेजारी," एवढंच म्हणायचा.

मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जन्मभर टॉवेल विणायच्या मागावर उभा राहिलेला माणूस पलंगावर आडवा झाला. डोळे उघडे असायचे, पण कुणाकडे बघतोय ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला किती समजतंय हे सांगता येत नाही. डावा हात तेवढा हलायचा. कुणी धरला तर दाबायचा. ते आपोआप होतं, त्याला काही अर्थ नसतो, असंही डॉक्टरांनी सांगून टाकलं.

त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला. अशा माणसांना सांभाळणारी एक जागा त्यानं तिकडं बघून ठेवली होती. वडिलांना तिथं ठेवायचं आणि आईला आपल्या घरी न्यायचं. पोरगा वाईट नाही हो, आईचे हाल त्याला बघवत नव्हते. पण तिचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, पाय निघेना. रविवारपर्यंत काय ते कळव, असं त्यानं आईला सांगितलं होतं. वहिनींनी मला विचारलं. आणि मी, लिहायची लाज वाटते, त्याच्या उशाशी बसून म्हणालो, "पाठवा वहिनी. त्याला आता काय कळतंय? इथं काय आणि तिथं काय."

त्या रविवारी दुपारी चढाई कुर्डुवाडीहून आला. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून त्याला तोंड चालवायला माणसं लागतात. नुकताच कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला होता. आमच्या लाडक्या संघानं चांगले चांगले चढाईपटू सोडून अकलूजकडचा एक उजवा कोपरा घेतला होता. टीव्हीवर त्याच पोराचे जुने सामने दाखवत होते. मी पलंगाच्या डाव्या अंगाला बसलो आणि जुन्या सवयीनं कोपऱ्याचा हात हातात घेतला.

"अक्कल गहान ठेवली का रं ह्यांनी?" चढाईनं सुरुवात केली. "चढाईवाला घ्यायचा सोडून कोपरा? पॉइंट कोन आननार, ह्यांचा आज्जा?"

"सामने पकडीवर जिंकतात," मी म्हणालो. "आपण कुणामुळं जिंकायचो?"

"माज्यामुळं की!"

"हो तर! हात हलवत परत यायचास आणि म्हणे माझ्यामुळं."

"ते जाऊ दे. हे पोरगं लई उतावळं हाय. बघ, आता घाई करतंय का न्हाय."

पडद्यावर समोरचा गडी आत शिरला. माझा हात दाबला गेला, एकदा. त्याच क्षणी त्या पोरानं घोट्यावर झडप घातली आणि गडी उडी मारून निसटला.

"बघ! सांगितलं व्हतं की न्हाय?" चढाई ओरडला.

पुढच्या चढाईला हात परत एकदा दाबला गेला. या खेपेला पोरगं थांबलं. गडी बोनसच्या रेषेकडे वळला, त्याची पाठ अर्धी फिरली, आणि माझा हात दोनदा दाबला गेला. मग पोरानं घोटा धरला. आधी हात, मग पोरगं.

"टीव्ही बंद कर," मी म्हणालो.

"का रं, हरलास व्हय?"

"बंद कर म्हणतो ना! मोबाइलवर दुसरा कुठलाही सामना लाव आणि त्याच्यासमोर धर."

चढाईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं सामना लावला. पाच-सहा चढाया आम्ही बघितल्या. कधी थांबायचं, कधी धरायचं, आमचा कोपरा एकदाही चुकला नाही. प्रत्येक वेळी मी मोठ्यानं सांगत गेलो, "एक... दोन." उभ्या जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला चढाई मोबाइल खाली ठेवून रडायला लागला.

"आरं, म्हंजी ह्यानं समदं ऐकलंय," तो म्हणाला.

समदं. म्हणजे माझंही. 'पाठवा वहिनी, त्याला काय कळतंय' हेसुद्धा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "चुकलो रे," मी त्याच्या कानाशी म्हणालो. हात तसाच राहिला. माफीची खूण आम्ही कधी ठरवलीच नव्हती.

रडणं ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, हात पिठाचे. आम्ही दोघांनी मिळून सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"भावजी, माझा पण हात रोज दाबतात की. भाकरीला उठले की दाबतात, धुण्याला उठले की दाबतात. डॉक्टरांनी सांगितलंय ना, आपोआप होतं म्हणून."

"किती वेळा दाबतो?"

"ते कोण मोजतंय?"

"आता मोजा," मी म्हणालो आणि उठून त्यांना जागा दिली.

त्यांनी पदराला हात पुसून त्याचा हात धरला. दोघंही मूळचे तेलुगू, आपसातलं बोलणं तेलुगूतच, पण इतक्या वर्षांत मला ते समजायला लागलं होतं. "भाकऱ्या टाकायच्या राहिल्यात, जाऊ का मी?" असं त्यांनी त्याला विचारलं. मग बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या.

"एकदाच दाबला," त्या म्हणाल्या. "एकदाच. म्हणजे काय हो भावजी?"

"थांब," मी म्हणालो.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. भाकऱ्या त्या दिवशी चढाईनं चौकातल्या खानावळीतून आणल्या, आणि पुण्याला मुलाला फोन वहिनींनी त्याचा हात न सोडता, दुसऱ्या हातानं लावला.