“येऊ का, मॅडम?”

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. भुताखेताचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, तेव्हा तुम्ही माझी केलीत तरी चालेल. पण आता सांगून टाकते...

राहते नाशिकला, गंगापूर रोडला. नोकरी निफाडजवळच्या एका छोट्या प्रायोगिक प्लांटवर. उसाच्या चिपाडांपासून इथेनॉल, म्हणजे गाडीत घालायचं इंधन करायचं. साध्या यीस्टला चिपाडातली सगळी साखर पचत नाही, म्हणून मी त्याच्या जनुकांत बदल करून नवं यीस्ट तयार केलं. चार वर्षं घातली त्यात. ते जोमात चाललं तेव्हा मी पेढे वाटले. टाकीवरचे ऑपरेटर भालेराव मामा म्हणाले, “मॅडम, लय खादाड हायेत तुमची पोरं!”

मामांची एक सवय होती. लॅबमध्ये यायचं असो की ड्यूटी संपवून घरी जायचं असो, टाकीवरच्या इंटरकॉमवरून एकच विचारायचे — “येऊ का, मॅडम?” माझंही उत्तर ठरलेलं, “या.”

त्या गुरुवारी टाकी रिकामी करून आतून धुवायची होती. आंबताना निघालेला गॅस तळाशी साचतो, तो माणूस मारू शकतो. गॅस मोजायचं मीटर नेमकं दुरुस्तीला गेलेलं, मामांचा जोडीदार रजेवर. सकाळी मामा म्हणाले, “उद्यापर्यंत थांबू का?” मीच म्हणाले, “कशाला? दोन तास ब्लोअरने आत हवा मारा, पुरे.” हा अंदाज जुन्या यीस्टचा. माझं यीस्ट तळाच्या गाळात अजून खात असेल, गॅस सोडत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साडेतीनला, शिफ्ट सुटायच्या वेळी, इंटरकॉम वाजला.

“येऊ का, मॅडम?”

आवाज जरा दमलेला वाटला. मी मायक्रोस्कोपमधून मान वर न करता म्हणाले, “या मामा.” शेजारी लॅबमधली सुनीता होती. तिनेही तो आवाज ऐकला.

चारला पुढच्या शिफ्टच्या माणसाला टाकीचं झाकण उघडं दिसलं. मामा आत होते, तळाशी. अर्ध्या तासात आलेले डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास तरी झाले असतील.

डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल, असं मी स्वतःला खूप समजावलं. पण धुताना पाणी उडतं म्हणून टाकीवरची लाइन बंद करून फ्यूज खिशात ठेवायचा, हा मामांचा शिरस्ता. फ्यूज त्यांच्या खिशातच सापडला. पॅनेलवर लाइन दीडला बंद झाल्याची नोंद होती, म्हणजे तेव्हापासून त्याच लाइनवरचा इंटरकॉमही बंदच होता.

मामींनी विचारलं, “जाताना काई बोलले का हो ते?” मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

साडेतीनला ते टाकीतून वर यायचं म्हणत होते, की निरोप घेत होते? सुनीता आणि मी पुन्हा पुन्हा बोललो, उत्तर सापडत नाही. आवाज कुठून आला, तेही नाही. पण मला रात्रंदिवस छळतं ते हे नाहीच... त्यांनी सकाळी सरळ विचारलं होतं, “थांबू का?” तेव्हा मी “थांबा” म्हणाले नाही.