सोमवारच्या मावशी

आईची कंबर चोळायला मालिशवाल्या मावशी दर सोमवारी किकवीहून एसटीने भोरला आमच्याकडे यायच्या. हात भक्कम आणि तोंड अखंड चालू. मग पुण्यात कसलासा कोर्स करून आल्या आणि म्हणाल्या, "आता नुसती मालिश न्हाई, समदा मानूस बघनार." मला धडकीच भरली. आता खडे नि अंगठ्या निघणार!

त्या सोमवारी त्यांनी तेलाची बाटली उघडलीच नाही. काम करणाऱ्या आईच्या मागे गप्प फिरत राहिल्या आणि मोरीपाशी थांबल्या.

"आक्का, दुखनं कंबरंत न्हाई, हितं हाय. वाकून भांडी घासता."

उभ्याने घासता यावीत म्हणून मला तिथे कमरेइतक्या विटा रचायला लावून वर कडप्पा ठेवून घेतला. एवढंच! माझा जीव भांड्यात पडला. आई मात्र हिरमुसली.

"म्हंजी तू आता यायची न्हाईस?"

"येनार की! तेल आननार न्हाई, पन सोमवार चुकवनार न्हाई."