मांडीतला भाला

धावणं, उड्या आणि फेक शिकवण्यात माझी हयात गेली. नागपूरच्या कॉलेजात इतकी वर्षं काढली, मोडलेले हात पाहिले, उन्हात बेशुद्ध पडलेली पोरं खांद्यावर टाकून नेली. मैदानावर आपल्याला आता कशाचा धक्का बसणार, असं वाटायचं.

त्या सकाळी नरखेडकडची एक मुलगी भालाफेकीचा सराव करत होती. अबोल पोर, घरच्या संत्र्याच्या बागेत फवारणीचा पंप वाहून खांदे भरलेले. टाकलेले भाले गोळा करायला मी मैदानात शिरलो होतो. मी बाजूला होऊन शिट्टी वाजवली की मगच पुढची फेक, हा आमचा नियम. पण पलीकडे कबड्डीवाल्यांची शिट्टी वाजली आणि तिला ती माझीच वाटली.

आधी दुखलंच नाही. कुणी तरी मागून ढकलल्यासारखं झालं आणि मी गुडघ्यावर आलो. खाली पाहिलं तर भाल्याचं टोक मांडीतून पुढे आलेलं. हा पाय कुणाचा, एवढंच मनात आलं. मग अंधारी आली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिचं विचारलं.

"सर, ते तं पळून गेली," एक मुलगा म्हणाला.

होस्टेलवर ती नव्हती. फोन बंद. तिच्या वडिलांचा फोन नुसता वाजत राहायचा.

टाके निघाल्यावर काठी टेकत, एका विद्यार्थ्याच्या गाडीतून तिच्या गावी गेलो. हाक मारली. वडील बाहेर आले. पोरीला होस्टेलवर सोडायला आले होते तेव्हापासून ते मला ओळखत होते. मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला गडू सुटला.

"सर... तुमी जित्ते आहा?"

मला प्रश्नच कळेना.

"पोरगी म्हने, सर गेले. माह्या हातानं गेले."

रक्त आणि माझे मिटलेले डोळे पाहून ती तशीच एसटीनं घरी आली होती. तेव्हापासून सगळं घर पोलिसांची वाट पाहत होतं. अनोळखी नंबर त्यांचाच असणार म्हणून कुणी फोन उचलत नव्हतं. दाराशी एक पिशवी होती. तिच्यात दोन ड्रेस, कंगवा, साबण.

"नेतीन तं लागन म्हनून भरून ठेवली," तिची आई म्हणाली.

मी काठी बाजूला ठेवून ओट्यावर बसलो. भाला लागला तेव्हा आलं नव्हतं, ते पाणी आता डोळ्यांत आलं.

आईनं बागेकडे हाक दिली. "ये वं, सर आले."

ती आली, पण दूरच थांबली. बऱ्याच वेळानं जवळ येऊन खाली बसली आणि पँटवरूनच माझ्या मांडीच्या पट्टीवर हलकेच बोट टेकवलं.

"दुखते का, सर?"

"दुखते."

"मंग खरंच आहा," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

ती कॉलेजात परत आली. भाल्याला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. गोळाफेकीत उतरली, पदक मिळवलं. आज ती कळमेश्वरकडे एका शाळेत खेळ शिकवते. भालाफेक शिकवायला दर हिवाळ्यात मला बोलावते, आणि माझं शिकवून होईपर्यंत स्वतः आत वर्गात बसून राहते.