दहा सेंटिमीटर दाब

मामा गेल्याचा निरोप ताडकळसला माझ्या शाळेत आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "झोपेत का?" निरोप घेऊन आलेला त्यांचा शेजारी म्हणाला, "न्हाई गुरुजी, चांगले जागे होते. पूर्णा स्टेशनाच्या बाकावर गप्पा मारायलते, बोलता बोलता मान टाकली." तशा घडीलाही मला जरा हसू आलं... घरात सगळ्यांना धास्ती होती ती त्यांच्या झोपेचीच.

मामा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. निवृत्त झाले, अंग सुटलं आणि घोरणं वाढलं. मध्येच ते थांबायचं, श्वासासकट. मग मामी गदागदा हलवायची, "अवो, श्वास घ्या!" मामा उठून तिच्यावरच खेकसायचे. दिवसा मात्र कुठंही पेंगायचे. विद्यापीठाचं नामांतर झालं, वस्तीत सभा भरली, आणि इतकी वर्षं त्या दिवसाची वाट पाहिलेले मामा पुढच्याच खुर्चीत घोरत होते!

शेवटी मुंबईच्या डॉक्टर जावयानं तपासण्या करून परदेशातून मशीन मागवली. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतून सतत हवा. म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. दाब त्यानंच स्क्रू फिरवून लावून दिला.

"किती पौंड?" मामांनी विचारलं.

"पौंड नाही. दहा सेंटिमीटर पाण्याइतका."

"दहा सेंटिमीटर? एवढ्यात चहाच्या किटलीचं झाकण हालत न्हाई, जावईबापू!"

जावयाची गाडी सुटली आणि मामांनी स्क्रूड्रायव्हर काढला. दुपारी मी गेलो तर गाल फुगलेले, मास्कच्या कडेनं शिटी वाजतेय. मास्क काढून त्यांनी असा ढेकर दिला की मामी चुलीपासून पळत आली. मग चिडून त्यांनी स्क्रू इतका सैल केला की श्वास पुन्हा अडकायला लागला. त्या आठवड्यात मामी माझ्यापुढं पहिल्यांदा रडली. "एखाद्या रात्री दमून माझाच डोळा लागला तर रे?" मामांनी ते ऐकलं. तसेच उठून पोस्टात गेले आणि जावयाला तार केली : 'प्रेशर बिघडले. चूक माझी. या.'

जावई आला. वाकवलेल्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती मशीनला जोडली आणि स्क्रू फिरवत पाणी बरोबर दहावर आणलं. मामा नळीतल्या पाण्याच्या रेषेवर डोळे लावून बसले होते. "हे आधी दाखवायचं न्हाई का? गेज दिसल्याबगर ड्रायव्हर इश्वास कसा ठेवंल?" त्यानंतर त्यांनी स्क्रूला बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मामा दाराबाहेर खुर्ची टाकून ताजेतवाने बसलेले. ते रात्रभर झोपले होते, आणि घोरणं ऐकू येईना म्हणून मामी घाबरून रात्रभर जागी! तोंडावर बोट ठेवून ते म्हणाले, "हळू बोल. तुझी मामी झोपायलीय." दुपारपर्यंत त्यांनी कुणाला आत सोडलं नाही.

गेल्या आठवड्यात जावई मशीन घ्यायला आला. गल्लीतल्या एका निवृत्त गार्डला ती द्यायची होती. माणसागणिक दाब वेगळा, म्हणून स्क्रू फिरवणं आलं. मामीनं त्याला थांबवलं. मशीन चालू करायला लावली, नळीच्या तोंडाशी तळहात धरला आणि ती हवा हातावर घेत बराच वेळ बसून राहिली... मग हात पदरात घेतला.

"फिरवा आता," म्हणाली.