वरची फळी

माझे पती गेले त्याला महिना होत आला असताना त्यांच्या मोबाईलवर फोन आला. तो मोबाईल मी रोज चार्ज करून ठेवत होते. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पलीकडून धुळ्याचे मिस्त्री बोलत होते. "सायेब, तुमचा रॅक तयार शे. लेवाले कवय येतस?"

मी त्यांना सांगितलं, साहेब गेले. मिस्त्री म्हणाले, "आठ दिन थांबा, बाई. मी परत फोन करस." तयार झालेल्या रॅकला आणखी आठ दिवस कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

या रॅकची वाट आमच्या घराने किती वर्षं पाहिली ते सांगायला हवं. पती जळगावच्या एका पाइप कारखान्यात तपासणी विभागात होते. पाइप कुठे फुटतो, किती दाबाने फुटतो, हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली. घरी आल्यावर ते गाणं तपासत. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर एवढा संसार त्यांनी एकेक करून जमवला होता. तो सगळा मावत होता टीव्हीसाठी केलेल्या प्लायवूडच्या शोकेसमध्ये, आणि दुखणं तिथेच होतं. शोकेस पोकळ होतं. स्पीकर वाजले की ते थरथरे, ते थरथरलं की प्लेअर थरथरे, आणि कोणी नुसतं स्वयंपाकघरातून आलं तरी सुई उडून दोन ओळी पुढे जाऊन बसे.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. दिवसभर मुलांना "हळू बोला" सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः चवड्यांवर चालायचं, असा माझा दिनक्रम होता. ग्रंथालयात शांतता वाचनासाठी होती. घरात ती संगीतासाठी होती, आणि संगीत मात्र फारसं होत नव्हतं. रेकॉर्ड लावली की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते उठत. स्पीकर बोटभर आत वळवत. प्लेअरखाली रबराचा तुकडा सरकवत. सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवत. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी एकाही रेकॉर्डची एकही बाजू शेवटपर्यंत ऐकली नाही. आमच्याकडच्या सगळ्या गायकांचे आणि सतारियांचे आरंभ मला तोंडपाठ आहेत. पुढे ते काय करतात, मला ठाऊक नव्हतं.

तक्रार केली की ते म्हणत, "रॅक येऊ दे. मग उठायचं कारणच राहणार नाही. बसून ऐकू."

रॅकची त्यांची एक वही होती. त्यात ठरलं होतं की लाकूड जुनं सागवान हवं, सांधे खिळ्यांचे नकोत, मागे फळी नको, दारं नकोत. अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि आपला उन्हाळा त्याहून तापतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा हवी. स्पीकर जमिनीवर वेगळे. प्लेअर सगळ्यात वर, ग्रॅनाइटच्या पाटावर, आणि त्या फळीवर दुसरं काहीही नाही. "काहीही नाही"खाली दोन रेघा होत्या. मी एकदा तिथे चहाचा कप ठेवेन की काय, अशी धास्ती त्यांना रॅक येण्याच्या आधीपासून होती.

जागाही ठरली होती. कोपरा नको, कोपऱ्यात खर्ज घुमतो. खिडकीची भिंत नको, ऊन येतं. दाराची नको, वर्दळ. उरली दक्षिणेची भिंत.

आठ दिवसांनी मी धुळ्याला गेले. मिस्त्रींचं दुकान म्हणजे पाडलेल्या घरांच्या तुळयांचा ढीग आणि पुढे एक पत्रा. पत्र्याखाली रॅक उभा होता. तीन फळ्या, वरच्या फळीवर ग्रॅनाइटचा पाट, मागे मोकळा, दारं नाहीत, सगळं वहीतल्यासारखं. फक्त मागचे दोन खांब वरच्या फळीच्याही वर हातभर चढवलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक कोरीव महिरप होती. दोन मोर, मध्ये वेल, आणि वेलीखाली एक चौकोनी रिकामी जागा.

"हाई मी मन्हा मनथून करं, बाई," मिस्त्री म्हणाले. "सायेब तीनदा आठे ऊनात, मन्हा दुकानमां. माप लेवाले, लाकूड देखाले. इतला ध्यान कोनी देव्हाराले बी देत नही. मंग मी म्हनं, नुसता उघडा सांगाडा कसा देऊ?"

ते आठ दिवस कुठे गेले, ते मला कळलं.

"आनि एक चूक व्हती, ती बी सुधारी टाकी," ते आवाज उतरवून म्हणाले. "दोन पाय मोठा आनि दोन लहान लिखेल व्हतात. तब्येत बरी नव्हती ना त्यासनी. मी चारी पाय सारखा करी टाकात. उद्या कोनी देखं तर सायेबले हसतीन."

त्या चुकीबद्दल इथे सांगितलं पाहिजे. आमच्या दिवाणखान्याची फरशी सपाट नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला घर पाण्याने धुता यावं म्हणून गवंड्याने तिला दाराकडे उतार दिला होता. पतींनी पाणसळ लावून तो उतार मोजला होता. रॅकचे दाराकडचे दोन पाय आठ मिलिमीटर लांब हवेत, असं वहीत चौकट आखून लिहिलं होतं. सगळ्या वहीतली सर्वांत अचूक ओळ मिस्त्रींनी माणसाची अब्रू राखण्यासाठी तासून टाकली होती.

मी म्हटलं, "फार छान झालंय."

छोट्या टेम्पोतून रॅक जळगावला आला. दोन हमालांनी तो दक्षिणेच्या भिंतीला लावला, पाणी प्यायले आणि गेले. मी पतींची पाणसळ वरच्या फळीवर ठेवली. तिच्यातला बुडबुडा दारापासून पळून भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसला. रॅक एकटीने उचलून पायाखाली काही सारणं मला शक्य नव्हतं. आणि भेटायला येणाऱ्या माणसांना, तुम्ही आलाच आहात तर जरा आठ मिलिमीटर उचलता का, असं कसं म्हणायचं? प्लेअर तिरका ठेवला की सुई एका बाजूला ओढते, हे मी सत्तावीस वर्षं ऐकलेलं. तेव्हा यंत्रं होती तिथेच शोकेसमध्ये राहिली आणि रॅक रिकामा राहिला. मला एकच करायचं होतं. त्या फळीवर प्लेअर नीट बसवून एक बाजू शेवटपर्यंत ऐकायची होती. महिने गेले. आखाजी आली.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. पतींची ही पहिली घागर. ती भरायला अक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, पिंपळनेरजवळच्या गावाहून आदल्या दिवशीच एसटीने आल्या. काखेत डांगर, म्हणजे खरबूज, पिशवीत सांजोऱ्यांचा रवा. दारातच थांबल्या आणि रॅककडे पाहत राहिल्या.

"ओ माय," त्या म्हणाल्या, "केवढी भारी जागा करी वं तू मन्हा भाऊले!"

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुस्तकांच्या कपाटाला टेकवून ठेवलेला पतींचा फोटो उचलला होता आणि महिरपीतल्या चौकोनात उभा केला होता. तो तिथे मापाने बसला. दक्षिणेची भिंत, म्हणजे गेलेल्या माणसाचीच भिंत. पतींचं ध्वनिशास्त्र आणि अक्कांचं शास्त्र आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झालं होतं.

"उद्या घागर आठेच ठेवसूत," अक्का म्हणाल्या. "मन्हा गुडघा खाले बसू देत नहीत. हाई उंच शे, बरं शे."

"अक्का, तिथे त्यांचा प्लेअर ठेवायचा आहे."

"बाजा? बाजा खाले ठेव. त्याले आते काय ऐकू येस?"

"ऐकत ते आधीही नव्हते," मी म्हटलं. "ते तपासायचे."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या, नंतर पदर तोंडाला लावून रडल्या, आणि मग रवा भिजवायला गेल्या. वरची फळी त्यांच्याकडे गेली. मी भांडले नाही. भांडायचा सराव मला कधी झाला नाही. ग्रंथालयात तो लागत नाही, आणि घरात भांडलं तरी सुई उडायची.

सकाळी ग्रॅनाइटवर गहू पसरून अक्कांनी घागर ठेवली, तिच्यावर लहान मडकं, शेजारी डांगर आणि आंबा. लोट्याने मडकं काठोकाठ भरलं. पाणी दाराच्या बाजूने ओघळलं आणि गव्हातून, ग्रॅनाइटवरून खाली ठिबकू लागलं. भिंतीकडचा काठ कोरडाच.

"हाई देख! एककडेच पडी ऱ्हायनं," अक्का म्हणाल्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं. "लहानपने बी असाच सांडे. सरखं पी ना रे!"

"अक्का, पाय कमी आहेत," मी म्हटलं. "दाराकडचे दोन. आठ मिलिमीटर."

"ते मिली मन्हाले समजत नही. आज मन्हा भाऊनं पानी सांडाले नको." त्यांनी पदर खोचला, घागर उतरवायला लावली आणि रॅकच्या कडेला खांदा दिला. "मी उचलस. तू घाल काय घालनं ते."

घालायला माझ्याकडे एकच वस्तू भरपूर होती. ग्रंथालयात संगणक आल्यावर जुनी सूचिपत्रं रद्दीत निघाली, ती मी घरी आणली होती. खणभर जाड पत्रं, प्रत्येकावर एका पुस्तकाचं नाव. दोन्ही पायांखाली दहा-दहा सारली. घागर चढवली, मडकं भरलं. पाणी अजून दाराकडेच. घागर उतरवली, अक्कांनी पुन्हा खांदा दिला, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या. आणखी दहा. अजून जरासं. चौथ्या खेपेला मडक्याच्या सगळ्या काठावर पाणी सारखं उभं राहिलं, फुगून, आणि कुठूनच सांडलं नाही.

"आते झायं," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "मन्हा भाऊले इतलंच जमत नव्हतं का?"

मी पट्टी आणून पत्रांची चळत मोजली. आठ मिलिमीटर. वहीतलंच. मी अक्कांना ते सांगितलं नाही. त्यांच्या लेखी तो शोध त्यांचा होता, आणि खरं तर होताही.

आगारी झाली, म्हणजे पितरांच्या नावाने निखाऱ्यांवर घास टाकून झाले; चूल नसल्याने गोवरी गॅसवर पेटवून तव्यात ठेवली होती. दुपारी जेवणं झाली. मी भांडी आवरत होते तेव्हा बाहेरून अक्कांचा आवाज आला.

"पानी पी लिधं त्यानी. घागर मी उतारी लिधी. आते ठेव तो बाजा."

मी प्लेअर वरच्या फळीवर ठेवला. महिरपीमुळे त्याचं झाकण पुरतं उघडेना, म्हणून ते काढून ठेवलं. फोटो होता तिथेच राहिला, प्लेअरच्या बरोबर मागे. त्यांनी स्वतःही याहून जवळची जागा निवडली नसती. अ‍ॅम्प्लिफायर मधल्या फळीवर, वीतभर हवा सोडून. पाणसळ लावून पाहिली नाही. सतारीची एक रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत बसले.

आरंभ पाठ होता. चौथं मिनिट आलं, तेव्हा मी अंग चोरून घेतलं, सवयीने. कोणी उठलं नाही. अक्का स्वयंपाकघरातून धपाधप चालत आल्या, पाट आपटला, परत गेल्या. सुई हलली नाही. मग मला माहीत नसलेला भाग सुरू झाला. तो बराच मोठा होता. बऱ्याच ठिकाणी मला वाटलं, आता संपतंय, आणि सतार पुन्हा वर चढली.

शेवटी तारा थांबल्या. मला वाटलं होतं, संपलं की यंत्र आपोआप बंद होत असेल. तसं होत नाही. रेकॉर्ड फिरत राहिली आणि सुई आतल्या कोऱ्या रेघेत खस्स, खस्स करत बसली. याबद्दल वहीत काहीच नव्हतं; ते कधी इथवर पोहोचलेच नव्हते.

"सरनं का वं?" अक्कांनी आतून विचारलं.

"हो," मी म्हटलं. पण सुई उचलायला उठण्याआधी मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.