सहादूच्या हातची भाकरी

सातपूरच्या कारखान्यात लेथवर हात बसलेले टर्नर पुष्कळ होते, पण सहादू पगारेचं काम साहेब लोक डोळे झाकून घ्यायचे. दांडा कातून झाला की तो मायक्रोमीटर लावायचा, पुन्हा लावायचा आणि तिसऱ्यांदा लावून मगच खाली ठेवायचा. घरीही तीच तऱ्हा. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीडच. बोलणं तर इतकं मोजकं की दोस्त म्हणायचे, या गड्याच्या तोंडावर मीटर बसवलंय! अशा सरळ माणसावर एकाच वर्षात दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या थापा मारायची वेळ आली, आणि तीही भाकरीपायी.

त्याची बायको चांगुणा लग्न झालं तेव्हा आठवी शिकलेली होती. पण बाई जिद्दीची. पोर कडेवर घेऊन, सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरी बसून मॅट्रिक झाली. मग सहादूनेच कुठून तरी नर्सच्या ट्रेनिंगचा अर्ज आणला, स्वतः भरला आणि टपालात टाकला. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात पत्र आलं. धुळ्याला दीड वर्ष, राहणं तिथेच वसतिगृहात. चांगुणाने पत्र दोनदा वाचलं आणि उठून भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

"मी नाही जायची," ती म्हणाली. "मैना सात वर्षांची. तुम्हाला धड चहा टाकता येत नाही. काय खाल तुम्ही दोघं?"

"जा तू," सहादू म्हणाला. त्याच्या हिशेबी एवढं बोलणं पुरे होतं.

सायखेड्याहून आई आली. आक्काबाई म्हणजे भलतं करारी प्रकरण. चार पोरं वाढवली, नवऱ्यामागे दुसऱ्याच्या रानात राबली, आणि साठी आली तरी आवाज असा की गल्लीतली कोंबडी बाजूला व्हायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकायचं तर शिकू दे. मी येते इथं ऱ्हायला. पण एक सांगून ठेवते. माझा पोरगा चुलीपाशी बसल्याला मला चालायचा नाय. तसं झालं तर मी सोता धुळ्याला जाईन आन् हिला घेऊन येईन."

चांगुणाने सासूचे पाय धरले. "आत्या, घरी आबाळ होतीय असं नुसतं कळलं तरी मी असेल तशी निघून येईन. शब्द देते तुम्हाला."

झालं! हा शब्दच सगळ्याच्या मुळाशी होता. चांगुणा दिलेला शब्द मोडणारी नव्हती, हे सहादूला पक्कं ठाऊक होतं. आणि एकदा का ती अर्ध्यावरून परत आली, की पुन्हा कधी त्या वाटेला जाणार नाही, हेही ठाऊक होतं. जूनमध्ये ती गेली तेव्हा कॉलनीतली निम्मी माणसं विहारापाशी निरोपाला आली होती. "जयभीम, नर्सबाई," म्हणून बायका आताच चिडवत होत्या आणि ती रडता रडता हसत होती.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग सायखेड्याला धाकटी सून बाळंतपणाला टेकली आणि त्यातच कांद्याची लागवड. आक्काबाईचा जीव तिकडे ओढू लागला, पण इथून पाय निघेना. तेव्हा सहादूने पहिली थाप मारली.

"तू जा, आई. मी खानावळीचा डबा लावतो. मैनाचंही भागेल."

"खानावळीचं खाऊन पोरगी वाळंल," आक्काबाई कुरकुरली, पण गेली.

आता खानावळीचं अन्न त्याने आठ दिवस खाऊन पाहिलं. भाजीत तेल वर आणि पाणी खाली. मैनाचं पोट बिघडलं. नवव्या दिवशी सहादूने मागचं दार ओढून घेतलं, चूल पेटवली आणि परातीत बाजरीचं पीठ घेतलं.

पहिली भाकरी थापता थापताच चिरली. दुसरी उचलली तर निम्मी हातात आणि निम्मी परातीत. मैना पाटावर बसून गंभीरपणे बघत होती. चौथ्या भाकरीला ती म्हणाली, "आई पाणी गरम घेते." मग कोमट पाण्यात मळलं तेव्हा कुठे भाकरीने धीर धरला. दुसऱ्या दिवशी या शहाण्याने काय करावं? व्हर्निअर कॅलिपर काढला आणि भाकरीची जाडी चार ठिकाणी मोजली! कडेला चार मिलिमीटर आणि मध्ये नऊ. इतका खराब माल त्याच्या हातून जन्मात निघाला नव्हता, आणि तो मनातून फार ओशाळला. चांगुणाला मात्र पत्रात लिहायचा, आई मजेत आहे, मैना मजेत आहे, इकडची काळजी नको.

दुसरी थाप दोस्तांसाठी होती. जेवणाच्या सुट्टीत सहादू, गोरक्ष आणि झुंबर असे तिघं स्टोअरमागच्या निंबाखाली बसायचे. डबे मध्ये ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं, असा बारा वर्षांचा रिवाज. त्यामुळे कुणाच्या घरी कुणाचा हात कसा आहे हे तिघांना जिभेवर पाठ होतं. गोरक्ष फिटर, नांदगावकडचा, बोलायला लागला की कारखान्याचा भोंगा बरा वाटावा. झुंबर वेल्डर, पंचवटीतून सायकल मारत यायचा, बोलण्यात सहादूचाच भाऊ. सहादूने त्यांना सांगून ठेवलं होतं की आईच इथे आहे आणि तिच्या हाताला आता थोडा कंप सुटलाय. वाकड्यातिकड्या भाकऱ्या दोस्तांनी आक्काबाईच्या वयावर घातल्या आणि मुकाट खाल्ल्या.

घोटाळा झाला तो माघात. पाळ्यांमुळे सहादूला गिरणी उघडी मिळायची मारामार. मशीन एकदा लावलं की सगळा माल एकदमच काढावा, पुन्हा पुन्हा लावत बसू नये, ही कारखान्याची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. म्हणून त्याने सायखेड्याहून आलेलं अर्धं पोतं बाजरी एकाच खेपेत दळून आणली, दोन पत्र्याचे डबे गच्च भरले आणि महिन्याची ददात मिटली म्हणून खूश झाला. पुढे पुढे मैना भाकरी उष्टी टाकू लागली. सहादूला वाटलं, पोरीचे नखरे. स्वतःच्या तोंडालाही काही तरी लागायचं, पण स्वतः केलेलं म्हणून तो गिळायचा.

एके दिवशी गोरक्षने त्याच्या डब्यातली भाकरी तोडली, घास तोंडात टाकला आणि थू थू करत उठलाच.

"अरे, कडूझार! काय घातलंय यात?"

झुंबरने तुकडा चाखला आणि नुसतं म्हणाला, "पीठ जुनं आहे."

"जुनं कसलं," सहादू म्हणाला. "आत्ता तर दळलंय. बावीस दिवस झाले."

"बावीस दिवस!" गोरक्षने कपाळाला हात लावला. "बाबा रे, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं हे आमच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे! आक्कांनी असं पीठ..." तो मध्येच थांबला आणि त्याने सहादूकडे निरखून पाहिलं. "सहादू, खरं सांग. आक्का घरी नाहीत ना?"

सहादूचे कान लाल झाले. मग एकेक करत सगळं बाहेर पडलं. गोरक्ष इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "व्हर्निअर? भाकरीला व्हर्निअर? अरे, टॉलरन्स किती ठेवलास? कमीजास्त किती चालणार?" सहादू मान खाली घालून बसला. आता हे उद्या सगळ्या कारखान्यात पसरणार, या विचाराने त्याला जेवण जाईना.

तेवढ्यात झुंबरने आपल्या डब्यातली भाकरी त्याच्या पुढे ठेवली. गोल, पातळ, पापुद्रा सुटलेली. "ही कुणी केली वाटतं तुम्हाला?" तो म्हणाला. "बायकोची बोटं संधिवाताने आखडली त्याला चार वर्षं झाली. मीच करतो."

गोरक्षचं हसणं जागच्या जागी विरलं. चार वर्षं ज्या भाकरीची तो 'वहिनींच्या हाताला तोड नाही' म्हणून तारीफ करत आला, ती या मिशाळ वेल्डरची! पुढच्या सुट्टीला झुंबर सायकलवर सहादूच्या घरी आला, चुलीपुढे बसला आणि त्याने शिकवलं. पीठ तळहाताच्या टाचेने रगडायचं. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची. जाळ कधी पुढे ओढायचा, कधी मागे सारायचा. आणि दळण आठ दिवसांचंच. होळीपर्यंत सहादूची भाकरी फुगायला लागली. पहिली टम्म फुगली तेव्हा मैनाने टाळ्या वाजवल्या, आणि सहादूला अंगणात जाऊन ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला?

त्याच्याऐवजी गोरक्षने सांगितलं. त्याची सासुरवाडी सायखेड्याची. मेव्हणीच्या लग्नाला गेला तिथे आक्काबाई भेटली, आणि आक्काची अट विसरून या बोलघेवड्याला वाटलं, आईला केवढा अभिमान वाटेल! "आक्का, तुमच्या सहादूने काय भाकरी केली म्हणून सांगू! चांदासारखी!" आक्काबाईचा चेहरा बघितल्यावर त्याची वाचा बसली, पण तोवर उशीर झाला होता.

दोन दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, सहादू बनियनवर चुलीपुढे बसला होता. कोपरापर्यंत पीठ. मागचं दार ढकललं गेलं आणि आक्काबाई दारात उभी. काखेत पिशवी, पिशवीत एक लुगडं. मैना "आजी!" म्हणून धावली. आक्काबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोराकडे नुसतं बघत राहिली. सहादूला परातीतून हात काढायचंही सुचेना.

"धुळ्याची गाडी किती वाजता हाय?" तिने विचारलं.

ट्रेनिंगचे अजून नऊ महिने बाकी होते. चांगुणाने परवाच्या पत्रात लिहिलं होतं की तिने पहिल्यांदा एका बाईचं बाळंतपण केलं आणि ते पोर तिच्या हातात रडलं.

"आई," तो म्हणाला, आणि जन्मात कधी बोलला नाही एवढं एका दमात बोलला. "मी खोटं बोललो, मला चार शिव्या दे. पण तिला आणू नको. तू बोलावलंस तर ती येईल. शब्द दिलाय ना, येईलच. तोंडातून चकार शब्द काढायची नाही आणि उद्यापासून इथं भांडी घासायला लागेल. ते मला बघवायचं नाही गं. मी आठ तास मशीनपुढे उभा राहतो, तसा एक तास इथं बसतो. काय बिघडलं माझं? बघ, मैना बघ. वाळलीय का?"

आक्काबाईने मैनाकडे बघितलं, मग तव्याकडे. म्हणाली, "तव्यावरची करपती हाय."

त्याने घाईने भाकरी उलटली, जाळाला धरली. फुगली. आता काय करावं ते न कळून त्याने ताट घेतलं, त्यात ती भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक फोडलेला कांदा ठेवला आणि आईच्या पुढ्यात सरकवलं. पहाटे निघालेली बाई, उपाशी असणार. आक्काबाई उंबऱ्यालगत बसली. तिने भाकरीचा वरचा पापुद्रा बोटाने काढला. आतून वाफ आली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याला तिचा हात ताटातच थांबला.

"काय झालं? कडू लागली?" सहादू घाबरून म्हणाला.

"नाय रे." तिने पदराने डोळे पुसले. हे सहादूने बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. "साठी उलटली माझी. तुझ्या बापाला तव्यावरची वाढली, दिरांना वाढली, तुम्हा चौघांना वाढली. सगळ्यांचं होऊन मी बसंस्तवर चूल इझल्याली असायची. बाळतीन असताना बी सोताची सोता थापली. बसल्या जागी गरम भाकर मला कधी कुनी वाढली नाय, सहादू. माझ्या आईनं बी नाय. ती बी मागूनच जेवायची."

सहादूला एकदम लाज वाटली, की आपण तिच्या हातच्या गरम भाकऱ्या तीस वर्षं खाल्ल्या आणि ती कधी जेवते हे एकदाही बघितलं नाही.

"अजून एक टाक," आक्काबाई म्हणाली.

ती तीन भाकऱ्या जेवली. मग हात धुऊन म्हणाली, "आता चार बांधून दे. धुळ्याला न्यायच्यात."

"आई..."

"ऐकून घे आधी. तिला आनायला नाय चालले. तिनं मला शब्द दिलाय, तो मलाच परत द्यायला पायजे. कागदावर लिहून त्यो परत जात नाय."

सीबीएसवर, एसटीच्या स्टँडवर, धुळ्याची गाडी लागलेली होती. सहादूने आईला खिडकीपाशी जागा धरून दिली आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "पोचेपर्यंत गार होतील गं," तो म्हणाला.

"होऊ देत. नवऱ्याच्या हातच्या हायेत म्हनल्यावर ती गार बी खाईल." आक्काबाईने गाठ चाचपून पाहिली. मग खिडकीतून वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पन ती शिकून घरी आली की पयल्या दिवशी तिला बसव आन् गरम वाढ. मागून नको. तुझ्या आधी."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत मैना हात हलवत राहिली, आणि सहादू तिच्या शेजारी उभा राहून मनगटाने डोळे पुसत होता.