दहातले किती

शाळेच्या कार्यालयात खिडकीमागे बसणाऱ्या क्लार्कबाईंना मुलं पाठीमागे ‘दहातल्या बाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. शिपायाने एकदा तोंडावरच सांगून टाकलं होतं, “हेडसरांना मुलं नुसतं ‘सर’ म्हणतात, बाई. पदवी फक्त तुम्हाला मिळालीय.”

ती मिळाली एका लाकडी खणामुळे. शाळेच्या वाचनालयातलं जुनं कपाट मोडीत निघालं, तेव्हा त्यातला कार्डांचा लांबोडका खण बाईंनी मागून घेतला. मेडिकलला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचं त्यात एक कार्ड असे. वर नाव, खाली शाळेच्या अखेरच्या परीक्षेचे गुण, त्याखाली मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे गुण, मग दोन्हींची बेरीज. तळाशी एक मोकळी ओळ: ‘पुढे काय झालं’. ही ओळ भरल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. शाळा सोडून गेलेलं मूल बसच्या रांगेत दिसलं, तरी त्या हटकायच्या. “कुठे मिळाला प्रवेश? कोणत्या यादीत?” मेडिकलला मिळाला असेल, तर दुसऱ्या दिवशी कार्डाच्या कोपऱ्यावर तांबडी खूण होई.

कार्डं बेरजेप्रमाणे लावलेली असत. निकाल लागले की पुढचे आठ-दहा दिवस खिडकीशी गर्दी होई. बाई नव्या मुलाचं कार्ड लिहीत, बेरीज दोनदा तपासत आणि ते खणात त्याच्या जागी सरकवत. मग त्याच्या पुढची पाच आणि मागची पाच कार्डं काढून टेबलावर पत्त्यांसारखी मांडत. तांबड्या खुणा मोजत आणि सांगत, “दहातले सात,” किंवा “दहातले दोन.” जास्त काही बोलत नसत.

“म्हणजे होईल ना हो, बाई?” कुणाची तरी आई विचारायची.

“तुमच्या मुलीसारखे गुण असलेल्या दहांतले सात जण गेले. एवढंच मला माहीत.”

“पण आमची जाईल का?”

“ते कार्डावर नसतं.”

हेडसर म्हणत, या खणापुढे ज्योतिषी झक मारतील. बाईंना ते आवडत नसे. ज्योतिषी पुढचं सांगतो. आपण फक्त झालेलं मोजतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मात्र एक गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितलेली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लांब वेणीची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बाईंनी कार्डं मांडली आणि आनंदाने सांगितलं, “दहातले आठ.” वडील तिथल्या तिथे हसले, त्यांनी मुलीच्या डोक्यावर टपली मारली. यादीत तिचं नाव आलं नाही. उरलेल्या दोघांतली ती निघाली. यादी लागली त्या दिवशी ती दोघं पुन्हा आली आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. भांडण नाही, रडणं नाही. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा वडील खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही आठ म्हणाला होतात.”

त्या वर्षापासून बाई एक कमी सांगू लागल्या. आठ असतील तर सात, पाच असतील तर चार. कार्डाच्या पाठीवर मोजलेला आकडा शाईने लिहीत आणि सांगितलेला त्याच्याखाली पेन्सिलीने, कारण खोटं लिहून ठेवायचं नाही एवढा नेम त्यांनी पाळला होता. मूल पडलंच, तर एक पायरी खालून पडेल. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यांना वाटे. आणि कुणी ओळखलंही नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची भाची, अशा दोघीच. भाचीला सगळे मुंगी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून तिच्या हातात काही ना काही उचललेलं असेच. मुंगी सात वर्षांची असताना तिची आई, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. वडील दूर नोकरीला होते. ते अधूनमधून येत, नंतर पत्रं आली, नंतर तीही थांबली.

त्या दवाखान्यातले दिवस मुंगीला लख्ख आठवत. सगळे तिला सांगत होते, आई बरी होणार, दोन दिवसांत घरी येणार. मावशीही तेच सांगत होती. एक डॉक्टरीण तेवढी जिन्याच्या पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, “तुला खरं सांगू का?” मुंगीने मान हलवली. मग तिने खरं सांगितलं आणि मुंगीला आईजवळ नेऊन बसवलं. त्यामुळे मुंगीला आईशी नीट बोलता आलं.

“मला तिच्यासारखं व्हायचंय,” मुंगी नंतर कितीदा तरी म्हणायची. “इंजेक्शन कुणीही देईल, मावशी. ती पायरीवर बसली होती.”

मुंगी नाकासमोर चालणारी पोरगी. गणितात झकास, पाठांतरात कच्ची. स्वयंपाकघराच्या दारावर तिने हाडांची नावं चिकटवून ठेवली होती आणि कणीक मळता मळता मावशी तिला एकेक विचारत असे. विचारून विचारून मावशीलाच ती पाठ झाली.

“आता परीक्षेला तूच बस,” मुंगी म्हणायची.

“बसले असते. पण माझ्या गुडघ्याचं हाड त्यांना मान्य होणार नाही.”

निकाल लागला. प्रवेश परीक्षेचे गुण आठवड्याने आले. अगदीच वाईट नाहीत, फार चांगलेही नाहीत. अडचण वेगळीच होती. मेडिकलच्या अर्जाला मूळ गुणपत्रिका जोडावी लागे आणि यादी लागेपर्यंत महिनाभर ती परत मिळत नसे. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या कोर्सला मुंगीला सरळ प्रवेश मिळत होता, पण तिथेही मूळच गुणपत्रिका हवी होती आणि ती शनिवारपर्यंत द्यायची होती. गुणपत्रिका एकच. मेडिकलला लावली आणि नाव आलं नाही, तर पूर्ण वर्ष घरी.

शुक्रवारी दुपारी मुंगी शाळेत आली. घरी विचारलं असतं तरी चाललं असतं, पण ती खिडकीशी इतरांसारखी रांगेत उभी राहिली. शिपाई हसला. “घरच्या माणसालाही रांग? अवघड आहे, बाई.”

“आज मी घरची नाही,” मुंगी म्हणाली. “काका, मध्ये बोलू नका. बाई, माझं कार्ड लिहा.”

बाईंनी कार्ड लिहिलं. बेरीज दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा. खणात जागा शोधली. पुढची पाच, मागची पाच. टेबलावर मांडली. तांबड्या खुणा पाच होत्या.

मुंगीला खिडकीच्या जाळीतून टेबल दिसत नव्हतं. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

“दहातले चार,” बाई म्हणाल्या.

सवयीनेच म्हणाल्या. इतक्या वर्षांत आकडा डोळ्यांतून जिभेवर येईपर्यंत आपोआप एकाने घसरत असे.  हातातलं प्लॅस्टिकचं पाकीट मुंगीने या हातातून त्या हातात घेतलं.

“मी ठरवून आले होते,” ती म्हणाली. “पाच म्हणालीस तर मेडिकल. अर्धेअर्धे असेल तर लढायचं. चार म्हणजे... जाऊ दे. उद्या लॅबवाल्यांकडे देऊन येते.”

बाईंनी आता बोलायला हवं होतं. थांब, पाच आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण मागे रांग होती. शिपाई ऐकत होता. पाच म्हटलं तर चार का म्हणालीस, हे सांगावं लागलं असतं, आणि ते एकीला सांगितलं की या खिडकीशी येऊन गेलेल्या सगळ्यांनाच सांगितल्यासारखं होतं. आणि आत कुठेतरी हेही होतं, की पाच म्हणजे पाच जण पडलेही होते. लॅबचा कोर्स हातचा आहे. पोर वर्षभर घरी बसून झुरली तर? त्या बाकावरचे ते वडील त्यांना आठवले.

“विचार करून बघ,” बाई म्हणाल्या.

“केला की. तुझ्या खणापुढे माझा विचार काय?” मुंगी हसली आणि गेली.

संध्याकाळी बाईंनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा मुंगी अंघोळीला गेली. दुसऱ्यांदा ती समोर बसून पाकिटातले कागद लावत होती, चेहरा शांत होता, आणि बाईंच्या तोंडून निघालं ते, “छत्री घेऊन जा उद्या.”

महिन्याने यादी लागली. बाई मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला गेल्या. शेवटच्या नावाचे गुण मुंगीपेक्षा तीनने कमी होते.

त्यांनी ते घरी सांगितलं नाही. मुंगीला मैत्रिणींकडून कळलंच. जेवताना ती म्हणाली, “मावशी, चारांतली एक झाले असते की गं मी. नशीबच हुकलं.” आणि ताटात बघत राहिली.  मुंगीचं कार्ड बाईंनी खणात ठेवलं, पण तळाची ओळ रिकामीच सोडली. पुढे कुणाची कार्डं मांडताना ते मध्ये आलं, तर त्या ते वगळून पलीकडचं घेत.

मुंगी लॅबमध्ये तरबेज झाली. एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात तिचं टेबल होतं. वरच्या मजल्यांवरून रक्ताच्या नळ्या येत, खालून कागद जात. कागदावर सही दुसऱ्याची. पेशंट कोण, तो वर कसा पडलाय, हे तिला दिसत नसे. पहिली काही वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन जिन्यापाशी उभी राहायची. नंतर ते सोडलं. तक्रार तिने कधी केली नाही. फक्त बोलणं कमी झालं, आणि स्वयंपाकघराच्या दारावरचे कागद तिने एका रविवारी गरम पाण्याने खरवडून काढले.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा नव्या हेडसरांनी खण सोबत नेऊ दिला. “आता सगळं कॉम्प्युटरवर मिळतं, बाई,” ते म्हणाले. तरी लोक घरी येत. बाईंची नजर कमजोर झाली, तशी मुंगीच म्हणाली, “आण इकडे. रविवारी बसून मी टाइप करून ठेवते. कार्डांची शाई उडायला लागलीय.”

बाई नको नको म्हणत राहिल्या. मुंगीला ते म्हातारपणाचं वाटलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी मुंगीने विचारलं, “मावशी, पाठीमागे हे दोन आकडे कसले? शाईचा आणि पेन्सिलीचा? सगळीकडे पेन्सिलीचा एकाने कमी आहे.”

बाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“शाईचा मोजलेला,” त्या म्हणाल्या. “पेन्सिलीचा सांगितलेला.”

मुंगीने खण जवळ ओढून घेतला. बेरीज तिला पाठ होती. कार्ड लगेच सापडलं. तिने ते उलटं केलं.  रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“सगळ्यांना एक कमी?”

“सगळ्यांना.”

“मलाही.”

“माझ्या जिभेला वळणच पडलं होतं गं. आणि मग...” बाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. “मग तू म्हणालीस, पाच असते तर मेडिकल. तेव्हा सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.”

मुंगी मावशीवर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, सात वर्षांची असताना दवाखान्यात बघायची तशी.

“मी मुद्दाम शाळेत आले होते,” ती शेवटी म्हणाली. “घरी विचारलं, तर मावशी म्हणून माझं मन राखशील, असं वाटलं. खिडकीतून खरं सांगशील म्हणून रांग लावली होती.”

तिने पेन घेतलं. कार्डाच्या तळच्या रिकाम्या ओळीवर ‘पुढे काय झालं’ याच्यापुढे लिहिलं: अर्ज केला नाही. कार्ड त्याच्या जागी सरकवलं आणि पुढचं टाइप करायला घेतलं. दुपारी स्वयंपाक तिनेच केला. बाईंना वाढलं, स्वतः मात्र नंतर जेवली. त्यानंतर तिने खणाला हात लावला नाही. अर्धी कार्डं टाइप व्हायची राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षी निकालाच्या दिवसांत एक आई मुलीला घेऊन घरी आली. बाईंनी कार्ड लिहिलं, भिंग धरून बेरीज तपासली, पुढची पाच आणि मागची पाच कार्डं मांडली. मागच्यांतलं तिसरं कार्ड मुंगीचं होतं. बाईंचा हात सवयीने ते वगळायला गेला आणि थांबला. त्यांनी ते तिथेच राहू दिलं. खुणा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“नऊतले पाच,” त्या म्हणाल्या.

“नऊ कसे?” त्या मुलीची आई म्हणाली. “तुम्ही दहातले सांगता असं ऐकलं होतं.”

“दहावं कार्ड मोजता येत नाही.”

“का? प्रवेश नाही मिळाला?”

आतल्या खोलीत मुंगी कामावर जायची तयारी करत होती. पिशवीची चेन लागल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

“तिने अर्जच केला नाही,” बाई म्हणाल्या. “मी तिला आकडा चुकीचा सांगितला होता. तुम्हाला सांगितला तो बरोबर आहे. हवं तर या, तुम्हीच मोजा.”

मुलगी पुढे वाकून एकेक कार्ड बोटाने मोजू लागली. बाहेरचं दार उघडलं आणि लागलं. मुंगी रोज जाताना ‘येते गं’ म्हणायची. बाई कान देऊन बसल्या होत्या, पण त्या मुलीच्या मोजण्याशिवाय त्यांना काही ऐकू आलं नाही.